क्रमांकातला क्रम : एका नियमवहीच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

नॉमिक हा नियम बदलत खेळायचा खेळ मराठीतून खेळायचा, असे गेल्या दिवाळीपासून नुसते बोलणे चालले होते. आज शेवटी आप्पा बळवंत चौकातून दोनशे पानांची फुलस्केप वही आणली, पहिल्या पानावर ‘नियमवही’ असे लिहिले आणि सर्वानुमते ती माझ्या गळ्यात पडली. ग्रंथालयात दाखल नोंदवही लिहिण्यात माझी वीस वर्षे गेलेली असल्यामुळे हे काम मलाच जमेल, असे बाकीच्या चौघांचे म्हणणे होते.

पुढे कोणी ही वही उघडली तर त्याला संदर्भ लागावा म्हणून खेळाची ओळख लिहून ठेवतो. पीटर सुबर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८२ मध्ये हा खेळ रचला आणि त्याच वर्षी जूनमध्ये डग्लस हॉफस्टॅटर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरातून तो वाचकांपुढे आला. याला पट नाही, सोंगट्या नाहीत. पाळी आली की खेळाडूने नियमांतच एक बदल सुचवायचा आणि त्यावर सर्वांनी मत द्यायचे, हीच चाल. आरंभीचे नियम २९ आहेत, त्यांपैकी १०१ ते ११६ हे सोळा अपरिवर्तनीय आणि २०१ ते २१३ हे तेरा परिवर्तनीय. अपरिवर्तनीय नियमही कायमचा अभेद्य नसतो. एकमत झाले तर त्याचे परिवर्तनीय नियमात रूपांतर करता येते आणि मग त्याला हात लावता येतो.

मूळ खेळात पाळीच्या शेवटी फासा टाकून गुण मिळवतात. टपालाने किंवा संगणकावर खेळताना मात्र प्रस्तावाच्या क्रमांकातून २९१ वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याला अनुकूल मतांच्या प्रमाणाने गुणायचे, असा वेगळा हिशोब नियम २०२ मध्येच दिलेला आहे. आमच्यापैकी कोणी ना कोणी मोबाइलवरून मत देणार हे उघड असल्यामुळे आम्ही हाच हिशोब घेतला.

बसण्याच्या क्रमाने पाळ्या अशा ठरल्या : हवेली तालुक्यातून निवृत्त झालेले तलाठी काका, वकीलताई, गणिताचे सर, माझी अभियांत्रिकी शिकणारी भाची आणि शेवटी मी. भाषांतराच्या बैठकीत भाचीने विचारले की इथे ‘संख्या’ लिहायचे, ‘अंक’ लिहायचे की ‘क्रमांक’. मी पाठ असल्यासारखे ‘क्रमांक’ म्हणून गेलो. त्या शब्दात अंकाच्या आधी क्रम बसलेला आहे, हे रात्री वही बंद करताना लक्षात आले.

१५ जून २०२४, शनिवार

प्रस्तावांना क्रमांक कसे द्यायचे ते नियम १०८ सांगतो. रीतसर मांडलेल्या प्रत्येक प्रस्तावाला ३०१ पासून पुढचा क्रमांक मिळतो, मग तो मंजूर होवो वा पडो. एखादा नियम दुरुस्त झाला किंवा त्याचे रूपांतर झाले, की त्या नियमाला दुरुस्तीच्या प्रस्तावाचा क्रमांक लागतो आणि जुना क्रमांक सुटतो. वाचताना हे साधे वाटले.

काकांचा ३०१ एकमताने मंजूर झाला : पंधरा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्याच्या, ‘नियम २०८ प्रमाणे मोजल्या जाणाऱ्या’ गुणांतून २ गुण वजा करावेत. काकांना १० गुण मिळाले. पाठोपाठ वकीलताईंनी ३०२ मांडला आणि नियम २०८ मधील विजयाची मर्यादा १०० गुणांवरून १५० वर नेली. तोही एकमताने मंजूर झाला, ११ गुण. मी २०८ वर रेघ मारली आणि तो नियम नव्या पानावर ३०२ म्हणून उतरवला.

वीस मिनिटांपूर्वी मंजूर झालेल्या ३०१ मध्ये ज्या २०८ चा उल्लेख आहे, तो नियम आता वहीत नाही. ही गोष्ट आज कोणाच्या ध्यानात आली नाही. माझ्या आली होती, पण चहा आला.

२२ जून २०२४, शनिवार

वकीलताई पस्तीस मिनिटे उशिरा आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी वहीत २०८ काढायला सांगितला. ‘नियम २०८ प्रमाणे मोजले जाणारे गुण’ असे काही आता अस्तित्वातच नसल्यामुळे वजावट कशातून करणार, असा त्यांचा मुद्दा होता. वादात निवाडा देणारा खेळाडू म्हणजे ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा. पाळी सरांची होती, म्हणून न्यायाधीश वकीलताईच ठरल्या. त्यांनी स्वतःला निर्दोष सोडले. उरलेल्या चौघांनी नियम २१२ खाली तो निवाडा एकमताने फिरवला, तेव्हा न्यायाधीशपद त्यांच्या आधीच्या खेळाडूकडे, म्हणजे काकांकडे गेले. काकांनी दोन वाक्यांत लिहून दिले की गट फोडला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. २०८ म्हणजे आज ज्याला ३०२ म्हणतात तोच नियम. ताईंचे २ गुण गेले.

मंजुरीला सध्या एकमत लागते, म्हणून सरांचा ३०३ पाचापैकी तीनच मते मिळाल्याने पडला. १२ चे तीन पंचमांश ७.२, म्हणजे ७ गुण, आणि प्रस्ताव पडल्याबद्दल १० वजा. पडलेल्या प्रस्तावाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ३०३ च्या जागी तांबड्या शाईने ‘नामंजूर’ असे लिहून जागा तशीच ठेवली. हरवलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक आम्ही ग्रंथालयात असाच ठेवतो.

२९ जून २०२४, शनिवार

उद्या पालख्या शहरात येणार असल्याने बैठक लवकर आटोपली.

भाचीने ३०४ मांडला : नियम १०८ अपरिवर्तनीय राहू नये. क्रमांक बदलण्याची ही रीत सुधारायची तर आधी तिला हात लावता यायला हवा, हे सर्वांना पटले आणि पाचही मते मिळाली. परिणामी १०८ चे रूपांतर झाले आणि त्याच नियमाप्रमाणे त्याला नवा क्रमांक मिळाला, ३०४. क्रमांक कसे द्यावेत हे सांगणारा नियमच स्वतःच्या क्रमांकाला मुकला. १०१ पासूनचे ते अपरिवर्तनीय आणि २०१ पासूनचे ते परिवर्तनीय, ही सोय केवळ आरंभापुरती आहे असे नियम १०२ बजावतो ते का, हे वहीत प्रत्यक्ष पाहिल्यावर कळले.

वहीच्या शेवटच्या पानावर आज जुना क्रमांक–नवा क्रमांक असा तक्ता सुरू केला. त्यात सध्या दोनच ओळी आहेत.

६ जुलै २०२४, शनिवार

सोमवारपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे आणि वकीलताईंच्या पर्समध्येही असाच एक तक्ता आहे, फक्त तो कित्येक पानांचा. भारतीय दंड संहितेची ५११ कलमे जाऊन ३५८ कलमे आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले, आणि नव्या संहितेत ३०२ या क्रमांकाखाली धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचा गुन्हा आहे. ‘चारसोबीस’ हा शब्द मात्र बोलण्यातून जाणार नाही, असे काका म्हणाले. ताईंना त्याहून त्रासदायक वाटते ते असे की जुने खटले जुन्याच कलमांखाली चालू राहणार असल्यामुळे ‘३०२’ एवढे ऐकून आता काहीच कळत नाही. कोणत्या संहितेचे ते विचारावे लागते.

याच्या उलट संविधानाची रीत. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेसंबंधीचा अनुच्छेद ३१ काढला, पण त्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला नाही. ३१ ची जागा रिकामी आहे आणि तिच्यामागे ३१क, ३१ख, ३१ग हे अनुच्छेद उभे आहेत. मालमत्तेचा हक्क ३००क म्हणून दुसरीकडे आला. दुरुस्ती झालेल्या अनुच्छेदाचा क्रमांकही बदलत नाही. दुरुस्तीला तिचा वेगळा क्रमांक असतो. म्हणजे जुन्या पुस्तकात अनुच्छेद २१ चा उल्लेख आला, तर आजही २१ उघडून पाहता येतो.

याच धर्तीवर मी ३०५ मांडला. १९९३ पासून ई-मेलवर चालू असलेल्या अगोरा या नॉमिकमध्ये नियमाला ओळख क्रमांक एकदाच देतात आणि दुरुस्ती झाली की तिरप्या रेघेपुढचा आवृत्तीचा आकडा तेवढा वाढवतात. ती पद्धत मी जशीच्या तशी उचलली : २०१ दुरुस्त झाला तर २०१/१, पुन्हा झाला तर २०१/२.

काकांनी विरोधात मत दिले आणि एकमत आवश्यक असल्यामुळे प्रस्ताव पडला. त्यांची हरकत आधी मला क्षुल्लक वाटली, पण तसे नाही. ४५/२ असे लिहिले की महाराष्ट्रातला कोणताही शेतकरी, दलाल किंवा बांधकाम व्यावसायिक तो पंचेचाळीस नंबरचा दुसरा पोटहिस्सा असे वाचतो. ४५/१ आणि ४५/२ हे शेजारी शेजारी, एकाच वेळी अस्तित्वात असलेले दोन तुकडे असतात. एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नसते. “अहो, तुम्ही २०१/२ लिहिलेत की मी २०१/१ कुठे आहे ते शोधायला जाणार,” ते म्हणाले. १४ चे चार पंचमांश ११, त्यातून १० गेले, हाती १ गुण राहिला.

१३ जुलै २०२४, शनिवार

आजची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली, सविस्तर लिहितो.

काका येताना एका जुन्या हस्तलिखित सातबाराची झेरॉक्स घेऊन आले होते. वर गट नंबर, खाली कब्जेदारांची नावे, काही नावांना कंस केलेला, आणि प्रत्येक नावाशेजारी शाईने काढलेल्या गोलात एक आकडा. तो गोलातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, बोजा चढला, की फेरफार नोंदवहीत पुढच्या क्रमांकाने नोंद होते आणि ती मंजूर झाल्यावर तोच क्रमांक सातबारावर गोलात येतो. मालक दहा वेळा बदलला तरी गट नंबर तोच राहतो, आणि काय कधी बदलले ते गोलांवरून माग काढता येते. जमीन कोणती हे एक आकडा सांगतो, घटना कोणती हे दुसरा. नियम १०८ मध्ये या दोन्ही कामांना एकच आकडा जुंपलेला आहे, हे काकांनी बोटाने गोल दाखवत सांगितले तेव्हा मला माझ्याच ग्रंथालयातले, पुस्तक आले त्या क्रमाने पडणारे दाखल क्रमांक आणि विषय सांगणारे वर्गांक आठवले, आणि हे मला आठवडाभर आधी सुचले नाही याची थोडी लाजही वाटली.

त्यांचा ३०६ असा : दुरुस्तीने किंवा रूपांतराने नियमाचा क्रमांक बदलणार नाही, दुरुस्तीच्या प्रस्तावाचा क्रमांक नियमाच्या उजव्या समासात गोलात लिहावा.

मतदानाआधी सरांनी एक शंका काढली आणि ती आजच्या बैठकीतली सर्वात मोलाची गोष्ट ठरली. नियम २११ प्रमाणे दोन परिवर्तनीय नियमांत विरोध आला तर लहान क्रमांकाचा नियम वरचढ ठरतो. मूळ पद्धतीत दुरुस्त झालेला नियम नवा, मोठा क्रमांक घेतो, म्हणजे दर दुरुस्तीबरोबर तो मानाने खाली सरकतो. जो नियम वारंवार बदलावा लागतो त्याचे वजन कमी व्हावे, अशी ही एक मूक शिक्षा त्या रचनेत होती. क्रमांक गोठवला की ही शिक्षा जाते आणि उलटी लालूच उभी राहते. २०१ हा सर्वात लहान परिवर्तनीय क्रमांक. त्याच्या शेपटीला हवे ते कलम जोडले की ते आपोआप बाकी सगळ्या परिवर्तनीय नियमांच्या वर जाऊन बसते. नवा नियम करण्यापेक्षा जुन्या नियमाच्या पोटात शिरणे फायद्याचे ठरेल. “मोक्याच्या जागेवरचा जुना वाडा आहे तो,” सर म्हणाले, “भाडेकरू कोण असेल याला महत्त्व नाही, पत्त्याला आहे.”

भाचीने कागदावर लिहायला घेतले की हा एक आकडा आपल्याकडे किती कामे करतो. नियमाचे नाव म्हणून तो वापरतात, प्रस्ताव कोणत्या क्रमाने आले ते त्यावरून कळते, भांडणात कोणाचा मान मोठा ते त्यावरून ठरते, आणि गुणही त्यातूनच निघतात. काकांच्या प्रस्तावाने यांपैकी पहिली दोन कामे वेगळी होतात, मान आणि गुण तसेच चिकटून राहतात. सगळे एकदम सोडवता येणार नाही, कारण एका पाळीत एकच बदल सुचवता येतो. हे समजून सर्वांनी होकार दिला. काकांना १५ गुण.

एक गंमत नोंदवतो. ३०४ ला दुरुस्त करणारा हा प्रस्ताव जुन्या नियमाखाली मंजूर झाला, म्हणून त्या नियमाला शेवटचा एकदा नवा क्रमांक मिळाला, ३०६, आणि त्यापुढे तो गोठला. जन्माने १०८, मग ३०४, आता कायमचा ३०६. त्याला परत १०८ करावे असे भाचीचे म्हणणे होते, पण नियमबदल पूर्वलक्षी असू शकत नाही असे १०७ सांगतो. ३०२ झालेला २०८ सुद्धा ३०२ च राहिला. मागच्या तक्त्यात ३०४ चा ३०६ झाल्याची एक ओळ वाढली आणि तक्ता बंद केला.

२० जुलै २०२४, शनिवार

सरांचे भाकीत खरे व्हायला एकच आठवडा लागला. वकीलताईंचा ३०७ : नियम २०१ च्या शेवटी, ‘आगाऊ लेखी कळवून उशिरा येणाऱ्या खेळाडूचे गुण वजा होणार नाहीत,’ हे वाक्य जोडावे. २०१ हा पाळीच्या क्रमाचा नियम आहे, त्याचा उशिराशी काही संबंध नाही. पण तिथे ते वाक्य गेले की काकांचा ३०१ त्याच्यापुढे निष्प्रभ होतो. हे सर्वांना दिसत होते, आणि आपणही कधी ना कधी उशिरा येणारच हेही दिसत होते. एकमत झाले. काकांनी मत दिले, पण तोंड वळवून. ताईंना १६ गुण.

२०१ च्या समासात पहिला गोल काढला आणि आत ३०७ लिहिले. दिसायला छान दिसतो.

२७ जुलै २०२४, शनिवार

गुरुवारी खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या कितीतरी सोसायट्यांत शिरले. सरांच्या सोसायटीचे वाहनतळ बुडाले, वीज दोन दिवस नव्हती. पाळी सरांची होती. ते येऊ शकत नव्हते. जमलेल्या चौघांची संध्याकाळ वाया जाऊ नये म्हणून भाचीने आपला प्रस्ताव आधी मांडला, मी त्याला ३०८ दिला, आणि सरांनी शेजाऱ्याच्या फोनवरून होकार कळवला.

प्रस्ताव चांगला आहे. नियम २११ दुरुस्त करून प्रत्येक परिवर्तनीय नियमाला एक ते तीन असा दर्जा द्यावा, विरोधात वरचा दर्जा जिंकेल आणि दर्जा सारखा असेल तरच लहान क्रमांक पाहिला जाईल. म्हणजे मान आता क्रमांकापासून सुटला. भाचीला १७ गुण. मी शाईने लिहिले.

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

सर आले. राहिलेली पाळी त्यांनी घेतली. मोबाइलवरून मत देण्याची मुदत ठरवणारा प्रस्ताव, क्रमांक ३०९, पाचही मते, १८ गुण. बाकी सगळा वेळ पाणी, पंचनामे आणि गाड्यांच्या विम्यात गेला.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

भाची म्हणाली, “मामा, माझी पाळी झाली आहे, आता तुझी.” मी ३१० मांडायला सुरुवात केली तोच वकीलताईंनी थांबवले आणि त्यांनी स्वतःच जिच्या शेपटीला वाक्य जोडले होते त्या २०१ चे मधले वाक्य वाचून दाखवले : पाळी वगळता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे २७ जुलैला पाळी सरांचीच होती. भाचीचा प्रस्ताव रीतसर मांडलेला नव्हता. ३०६ (जुना १०८) रीतसर मांडलेल्या प्रस्तावांनाच क्रमांक देतो; तेव्हा तिच्या प्रस्तावाला क्रमांक कधी मिळालाच नव्हता, मी तो केवळ शाईने लिहिला होता.

निवाडा कोणी द्यायचा, यावर आम्ही पाऊण तास अडलो. पाळी माझी धरली तर न्यायाधीश माझ्या आधीची, म्हणजे भाची. पाळी भाचीची धरली तर न्यायाधीश तिच्या आधीचे, म्हणजे सर, कारण स्वतःच्या पाळीत कोणालाही न्यायाधीश होता येत नाही. पाळी कोणाची हाच तर वाद होता. न्यायाधीश ठरवायला निवाडा हवा आणि निवाड्याला न्यायाधीश. शेवटी काकांनी मार्ग काढला : दोघांनीही एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर निवाडा लिहावा, आणि दोन्ही सारखे निघाले तर खरा न्यायाधीश कोण हे ठरवण्याची गरजच उरत नाही. दोन्ही चिठ्ठ्या सारख्या निघाल्या. भाचीने स्वतःच्याच प्रस्तावाविरुद्ध लिहिले होते.

त्याचा हिशोब असा झाला. २७ जुलैचा प्रस्ताव बाद, भाचीचे १७ गुण गेले. त्यामागचा, सरांचा प्रस्ताव एक पायरी खाली आला. तो ३०९ नसून ३०८, आणि क्रमांकातून २९१ वजा केल्यावर १८ ऐवजी १७. सरांचा एक गुण गेला. मग पाळी भाचीचीच असल्यामुळे तिने तोच मजकूर पुन्हा मांडला, त्याला ३०९ मिळाला, एकमताने मंजूर झाला, आणि तिच्या पदरात १७ च्या जागी १८ गुण पडले. “पाणी माझ्या घरात आणि गुण तुझ्या घरात,” सर म्हणाले. ते हसत होते, पण चिठ्ठी लिहिताना भाचीने हा हिशोब केला नसेल यावर त्यांचा विश्वास नसावा. माझाही नाही.

मला गुणांचे काही नाही. मला त्रास झाला तो पान उघडल्यावर. २७ जुलैच्या वृत्तान्तात ३०८ म्हणजे दर्जाचा नियम. आजच्या निवाड्यानंतर ३०८ म्हणजे मतदानाच्या मुदतीचा प्रस्ताव. ३०९ चेही तेच, फक्त अदलाबदल होऊन. मधल्या दोन आठवड्यांत मोबाइलवर पाठवलेल्या प्रत्येक संदेशातला ३०८ कोणता, हे तारीख पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ताईंच्या संहितेतल्या कलम ३०२ सारखीच गत, आणि तीही माझ्या हातून. ग्रंथालयात मी एकदा लिहिलेला दाखल क्रमांक कधी दुसऱ्या पुस्तकाला दिलेला नाही, मग ते पुस्तक चुकून दोनदा नोंदलेले का निघेना. तिथे आम्ही चुकीची नोंद रद्द करतो, तिचा क्रमांक रद्द नोंदीसह तसाच पडून राहतो, आणि पुढचे पुस्तक पुढचा क्रमांक घेते.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

माझा ३१०, नियम ३०६ ची दुरुस्ती : नोंदणीदाराने नियमवहीत एकदा लिहिलेला क्रमांक प्रस्ताव बाद ठरला तरी त्या प्रस्तावाचाच राहील आणि दुसऱ्या कोणत्याही प्रस्तावाला दिला जाणार नाही, प्रस्ताव रीतसर होता की नाही हा प्रश्न त्याच्या परिणामापुरता पाहावा, क्रमांकापुरता नाही.

ताईंनी विचारले की नोंदणीदाराने मुद्दाम पाच क्रमांक गाळले तर काय. प्रश्न योग्य आहे, कारण गुण अजूनही क्रमांकातूनच निघतात आणि माझ्या पाळीआधी मी पाच आकडे उड्या मारून पाच गुण अधिक घेऊ शकतो. त्यामुळे ‘लगतचा पुढचा’ हे शब्द माझ्या मसुद्यात घालून मगच मतदान घेतले. काकांनी त्यावर विचारले की मग चुकून आकडा गाळला गेला तर तो भरायचा की नाही. भरायचा नाही, चूक समासात नोंदवायची, असे ठरले आणि तेही मसुद्यात आले. पाचही मते, १९ गुण. गुण क्रमांकापासून सोडवण्यासाठी २०२ दुरुस्त करावा लागेल, आणि सर म्हणतात की पुढची पाळी आली की ते काम ते करतील. सध्या क्रमांक जितका मोठा तितके त्यांचे गुण जास्त, तेव्हा त्या पाळीपर्यंत त्यांना घाई नाही.

दुरुस्ती पूर्वलक्षी नसल्यामुळे जुने ३०८ आणि ३०९ तसेच राहिले. दोन्ही पानांच्या माथ्यावर तांबड्या शाईने तारखा घातल्या.

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

माझ्या पाळीबरोबर दुसरी फेरी पुरी झाली. नियम २०३ मध्येच असे लिहिलेले आहे की दुसऱ्या फेरीअखेर तो दुरुस्त झाला नसेल तर एकमताची अट आपोआप जाऊन साधे बहुमत पुरेसे होईल. म्हणजे आजपासून पाचांत तीन मते पुरतात. नियम बदलला, पण कोणी प्रस्ताव मांडला नाही, मतदान झाले नाही, कोणाला गुण मिळाले नाहीत. मूळ १०८ खाली अशा बदलाला कोणता क्रमांक लागला असता हे त्या नियमाच्या शब्दांतून सापडत नाही. आमच्या ३०६ खाली तो २०३ च राहतो, एवढे तरी निश्चित.

समासातल्या गोलात काय लिहायचे, असे मी काकांना विचारले. बराच वेळ त्यांनी पानाकडे पाहिले. फेरफाराला नंबर नाही असे त्यांच्या सबंध नोकरीत झाले नव्हते. अर्ज आला नाही तरी कोणीतरी वर्दी देते आणि वर्दीला नंबर पडतो, असे ते म्हणाले. भाचीने शून्य सुचवले, सरांनी ते लगेच नाकारले, कारण शून्यातून २९१ वजा करून गुण काढायला ताई पुढे येतील. ताईंनी हे नाकारले नाही.

२०३ च्या समासात गोल काढला, आत काही लिहिले नाही, खाली आजची तारीख घातली. पुढच्या पानावर ३११ लिहून ठेवला आहे. पाळी काकांची आहे आणि काका इथेच आहेत. उशीर झाला आहे तो मला, जेवायला. ३११ पुढच्या शनिवारी.